परवानेवाल्यांच्या पैशाने बिनपरवान्यांची धरपकड

कॅलिफोर्नियात मजुरी आणि सामान मिळून १,००० डॉलर किंवा त्याहून मोठे बांधकामाचे काम घ्यायचे तर कंत्राटदाराकडे राज्याचा परवाना हवा. २०२४ संपेपर्यंत ही मर्यादा ५०० डॉलर होती. १९२९ साली स्थापन झालेले परवाना मंडळ बिनपरवाना कंत्राटदारांना पकडण्यासाठी खास पथक ठेवते. पथकाचे लोक घरमालक बनून सापळा लावतात, बांधकामांवर अचानक धाड घालतात. हा खर्च मात्र राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीतून होत नाही, तो मुख्यतः परवानाधारकांच्या शुल्कातून भागतो. म्हणजे नियम पाळणाऱ्यानेच नियम मोडणाऱ्याला पकडण्याचे बिल भरायचे!

यावर उत्तर असे की, स्वस्तात काम उरकणारा स्पर्धक हटला तर लाभ परवानाधारकाचाच. खरे आहे, पण अर्धेच. बिनपरवाना कंत्राटदार बहुधा कर चुकवतो, मजुरांचा अपघात विमा उतरवत नाही. मजूर पडला तर भार कुटुंबावर आणि सरकारी रुग्णालयावर येतो. लाभ सगळ्यांचा, तर वाटाही सगळ्यांचा हवा. मग दंडावरच पथक का चालवू नये? कारण मग अधिकारी सहज सापडणाऱ्या रंगाऱ्या-सुताराच्या मागे लागतील, आणि वणव्यानंतर घरे बांधून देतो म्हणून आगाऊ रक्कम घेऊन पसार होणारा भामटा मोकळा राहील. शिवाय अशांकडून दंड वसूल होणे कठीणच. पथकाऐवजी कायद्याचाच धाक पुरेल, असेही कोणी म्हणेल: कायद्याने बिनपरवाना कंत्राटदाराला मोबदल्यासाठी दावा लावता येत नाही, दिलेले पैसेही ग्राहक परत मागू शकतो. हे हत्यार बिनखर्चाचे वाटते. पण भामट्याला आधी शोधावे लागते, आणि शोधायला पगारी माणसे लागतात.