वुड्सविना गोल्फ

गोल्फमध्यें प्रतिस्पर्ध्याला अडवितां येत नाहीं. ज्याचा त्याचा झगडा स्वतःच्या चेंडूशीं. मग एक खेळाडू न आल्यानें काय बिघडावें? जून २००८ मध्यें टायगर वुड्सनें दुखऱ्या गुडघ्यानिशीं अमेरिकन खुली स्पर्धा जिंकली व शस्त्रक्रियेसाठीं उरलेला हंगाम सोडला. ऑगस्टमधील पी. जी. ए. अजिंक्यपदाची अखेरची फेरी दूरचित्रवाणीवर पाहणारे आदल्या वर्षाच्या निम्म्याहूनही कमी झाले. खेळ न जाणणारा, केवळ वुड्ससाठीं बसणारा प्रेक्षकच उठून गेला. आणि जाहिरातदार पैसे मोजतो ते डोकीं पाहून! परंतु खरा तोटा विजेत्याचा. आयर्लंडच्या पॉड्रिग हॅरिंग्टननें ब्रिटिश खुली आणि ही, दोन्ही पदें मिळविलीं. तरी 'वुड्स असता तर?' ही शंका त्याच्या यशाला चिकटलीच. वस्तुतः शेवटची फेरी त्यानें ६६ फटक्यांत संपविली. वुड्स नव्हता म्हणून मैदानावरील एकही खळी रुंद झालेली नव्हती.