काळ्या जमिनीतील चिकणमाती : तिचा स्वभाव व तिची निगा

वैशाखात काळ्या रानातून चालू लागले म्हणजे जागोजागी भेगा पडलेल्या दिसतात. काही भेगा इतक्या खोल असतात की, हातभर काठी त्यांत सहज उतरते. तेच रान आषाढात पाहावे, तर भेगा मिटलेल्या असतात आणि माती पायाला चिकटून वर येते. कोकणातील तांबड्या जमिनीतही चिकण अंश पुष्कळ असतो. परंतु ती अशी फुगत नाही आणि अशी फाटतही नाही. हा भेद का पडतो, हे प्रत्येक शेतकऱ्याने व गावपातळीवरील कार्यकर्त्याने समजून घेणे अगत्याचे आहे. कारण काळी जमीन चोपण का होते, याचे कारणही त्यातच सापडते.

खडक एक, माती दोन

आपल्या पठारावरील काळा कातळ म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हारस होय. ऊन, पाणी व हवा यांच्या परिणामाने तो झिजतो आणि त्यातील खनिजे विघटित होऊन नवी खनिजे तयार होतात. जेथे पाऊस फार व निचरा चांगला, तेथे चुना, मॅग्नेशियम व सिलिका धुपून जातात. मागे लोह व ॲल्युमिनियम यांचे अंश आणि केओलिनाइट नावाचे खनिज उरते. जेथे पाऊस मध्यम असतो आणि पाणी साचून राहते, तेथे हे घटक मातीतच राहतात व स्मेक्टाइट वर्गातील खनिज तयार होते. काळ्या जमिनीतील चिकणमाती मुख्यतः याच वर्गाची असते.

मातीचा चिकणकण एका मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही लहान असतो. त्यामुळे त्याची रचना दीर्घकाळ अज्ञात होती. 1930 साली हेंड्रिक्स व फ्राय या अमेरिकन शास्त्रज्ञांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने असे दाखवून दिले की, हे कण म्हणजे आकारहीन चिखल नसून, त्यांत स्फटिकांप्रमाणे नियमित थर असतात.

हे थर भाकरींच्या चवडीसारखे असतात. केओलिनाइटच्या चवडीतील भाकरी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. मधे पाणी शिरू शकत नाही. स्मेक्टाइटच्या भाकरी सैल असतात. पाणी मधे शिरले की चवड फुगते आणि पाणी गेले की खाली बसते. जमिनीला भेगा पडतात त्या यामुळे. शुद्ध स्मेक्टाइटच्या एका ग्रॅमचे सर्व थर उलगडून पसरले, तर सुमारे 700 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सात गुंठे जागा व्यापतील. एवढ्या पृष्ठभागावर पाणी व पोषणद्रव्ये धरून ठेवली जातात. हिवाळ्यात पाऊस नसतानाही रब्बीची ज्वारी काळ्या रानात उभी राहते, ती या साठ्यावर.

चुना गेला, चोपण आले

थरांच्या मधे व कडेला कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम हे घटक चिकटून असतात. कॅल्शियम पुरेसे असले, तर कण एकत्र येऊन मातीचे दाणे बनतात व त्यांमधून पाणी झिरपते. सोडियम वाढले, तर कण एकमेकांपासून सुटतात आणि बारीक छिद्रे बुजवून टाकतात. मग वर पाणी तुंबते, परंतु मुळांशी ओल पोचत नाही.

विदर्भात अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यात याचे ठळक उदाहरण आहे. या भागास खारपाणपट्टा म्हणतात. नागपूर येथील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोच्या शास्त्रज्ञांनी या जमिनींचा अभ्यास केला. कोरड्या हवामानात मातीतील कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने वेगळे होऊन बसते आणि चिकणकणांवर सोडियमचे प्रमाण वाढत जाते, असे त्यांना आढळून आले. 1954 सालच्या एका अमेरिकन पुस्तिकेपासून, धारण केलेल्या घटकांत सोडियम शेकडा 15 हून अधिक असेल तरच जमीन चोपण समजावी, असा संकेत रूढ आहे. पूर्णेच्या खोऱ्यात मात्र शेकडा 5 च्या सुमारासच निचरा बिघडू लागल्याचे दिसून आले. म्हणून पांढरे क्षार वर दिसत नाहीत, एवढ्यावरून जमीन निर्दोष आहे असे मानू नये.

घरच्या घरी परीक्षा

शेताच्या निरनिराळ्या भागांतून, वरच्या थरातील व हातभर खोलीवरील, हरभऱ्याएवढी कोरडी ढेकळे घ्यावीत. काचेच्या पेल्यात पावसाचे स्वच्छ पाणी भरून त्यात ढेकूळ अलगद सोडावे, ढवळू नये. दोन तासांनी व पुन्हा दुसऱ्या दिवशी पाहावे. ढेकूळ फुटून खाली बसले व पाणी नितळ राहिले, तर चिंतेचे कारण नाही. नुसते फुटणे हा दोष नव्हे. ढेकळाभोवती दुधासारखा गढूळपणा पसरला, तर सोडियम वाढले आहे असे समजावे. जमिनीत विद्राव्य क्षार फार असतील, तर पाणी नितळ राहूनही फसगत होऊ शकते. यास्तव मातीचा नमुना प्रयोगशाळेत अवश्य पाठवावा व विहिरीचे पाणीही तपासून घ्यावे.

उपाय

पहिले काम निचऱ्याचे. पाण्याला वाट नसेल, तर पुढील सर्व खर्च व्यर्थ जातो. म्हणून उताराच्या दिशेने चर काढावेत. त्यानंतर प्रयोगशाळेच्या अहवालाप्रमाणे जिप्समची बारीक भुकटी पावसाळ्यापूर्वी वरच्या थरात मिसळावी. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेते आणि सुटलेले सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर खाली व चरांवाटे बाहेर जाते. चुनखडी अशा जमिनीत फारच थोडी विरघळते. म्हणून रानात चुनखडीचे खडे आहेत, तेव्हा जिप्सम नको, असा समज करून घेऊ नये. ताग किंवा धैंच्याचे हिरवळीचे खत द्यावे. मशागत वाफशावरच करावी. ओल्या रानात औत घातल्यास माती दाबली जाते.

काळी जमीन ओल धरते, हा तिचा मोठा गुण होय. परंतु निचऱ्याची वाट बंद झाली की तोच गुण तिला मारक ठरतो. यंदा पहिल्या पावसाचे पाणी धरून ठेवावे आणि आपल्या रानातील एक ढेकूळ पेल्यात टाकून पाहावे. जमीन बिघडण्याआधी ती आपल्याला सूचना देते. ती वेळीच ओळखणे शेतकऱ्याच्या हाती आहे.