सोन्याचं पाणी दिलेली तार

हप्त्यावर टीव्ही घ्यावा, तर दुकानदार सोन्याचं पाणी दिलेली महागडी केबल गळ्यात मारतो. म्हणे, चित्र उजळतं! एचडीएमआय केबलमधून जातात ते शून्य आणि एक. ते नीट पोहोचले की चित्र पूर्ण. चुकले तर पडद्यावर ठिपके चमकतात किंवा तो काळाच पडतो. ‘जरा जास्त उजळ’ असं काही नसतं. सोनं गंजत नाही, आमच्या वैभववाडीच्या पावसात तेवढा गुण मान्य. २००७ मध्ये अमेरिकेत जेम्स रँडी यांनी ७,२५० डॉलरची स्पीकरची तार निव्वळ कानांनी ओळखणाऱ्याला दहा लाख डॉलर देऊ केले होते. ते कुणीच नेले नाहीत. विशेषणांचा व्यापार आम्हा कवींनाही ठाऊक असतो म्हणा! स्पीकर लांब ठेवायचा असेल, तर तार जाड घ्यावी. साध्या तांब्याची चालते.