भाऊसाहेबांवरील खटला

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या मैदानावर मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ घोड्यावर स्वार होऊन अफगाण बादशहा अब्दालीच्या गिलच्यांच्या गर्दीत शिरले, एवढे निश्चित होते. परंतु ते पडले की निसटले, याविषयी पुण्यात इतका संभ्रम राहिला की, त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी सौभाग्यचिन्हे उतरविली नाहीत, आणि पंधरा वर्षांनी, १७७६ साली, भाऊसाहेबांचे नाव घेऊन एक तोतया उभा राहिला तेव्हा त्याच्यामागे फौज जमली व कोकणातील किल्लेही त्याच्या हाती गेले. तोतयास पुण्याच्या कारभाऱ्यांनी देहान्त शासन केले. पण भाऊसाहेबांचा शोध संपला नाही. पुढे तो इतिहासकारांनी हाती घेतला आणि अद्यापही खाली ठेवलेला नाही.

जय मिळाला म्हणजे त्याच्या श्रेयाची वाटणी चार दिवसांच्या दरबारात होऊन जाते. पराजयाच्या दोषाची वाटणी मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालते. म्हणूनच, त्याच भाऊसाहेबांनी पानिपतच्या आदल्या वर्षी उदगिरीस निजामावर मिळविलेल्या विजयाचा वृत्तान्त अभ्यासकांखेरीज फारसा कोणी वाचीत नाही, आणि पानिपतच्या वृत्तान्ताने ग्रंथालयाचे कप्पे भरले आहेत.

या खटल्यातील साक्षीदार आरंभापासूनच कोणाच्या ना कोणाच्या चाकरीत होते. काशिराज पंडित हा अब्दालीला मिळालेल्या अयोध्येच्या नवाबाचा, शुजाउद्दौल्याचा, सेवक. युद्ध त्याने शत्रूच्या गोटातून पाहिले, आणि त्याच्या फारसी वृत्तान्तात शुजा तडजोडीस उत्सुक, तर भाऊ वडीलधाऱ्यांचा सल्ला झिडकारणारे दिसतात. भाऊसाहेबांच्या बखरकाराने सरदार मल्हारराव होळकरांच्या तोंडी, शत्रू पुरता संपला तर पेशवे आपणांस धोतरे बडवावयास लावतील, ही प्रसिद्ध मसलत घातली आणि होळकरांना कायमचे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. ग्रँट डफ याने १८२६ साली आपला इतिहास प्रसिद्ध केला, तेव्हा भाऊंचा ताठा हे पराभवाचे एक प्रमुख कारण म्हणून इंग्रजी वाचकांपुढे कायम झाले.

या साक्षीपुराव्याला पहिला मोठा धक्का विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी दिला. वाईस सापडलेल्या जुन्या दप्तरांतून त्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, आणि ज्या पत्रांच्या माथी बहुधा चांद्र तारीख व महिना एवढीच नोंद असून वर्षाचा पत्ता नसतो, अशा कागदांची संगती लावून पानिपतची हकीकत प्रथमच मूळ पत्रव्यवहाराच्या पायावर उभी केली. परंतु कागद नवे असले तरी खटला जुनाच राहिला. भाऊंवरील दोष उतरवून राजवाड्यांनी तो होळकर आणि बुंदेलखंडाचे मामलतदार गोविंदपंत बुंदेले यांच्या पदरी घातला. पुढे सरदेसायांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले, जदुनाथ सरकारांनी फारसी साधने पडताळली, आणि त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी १९४६ सालच्या आपल्या ग्रंथात, परचक्रापासून हिंदुस्थानचे रक्षण या व्यापक धोरणाच्या प्रकाशात भाऊंच्या मोहिमेचा विचार केला.

कागदांची ही रास वाढत गेली तसतसे वाचकाच्या ध्यानात एक गोष्ट येते: पराभवाचे मूळ कोणा एका माणसाच्या स्वभावापेक्षा धान्य आणि पैसा यांच्या टंचाईत आहे. भाऊ उत्तरेस कुंजपुऱ्याकडे असता, ऑक्टोबर १७६० च्या अखेरीस अब्दालीने बागपताजवळ यमुना उतरून मराठ्यांचा दिल्लीचा मार्ग रोखला. तेथून पुढे दोन अडीच महिने, यात्रेकरू व बाजारबुणगे यांसह ती अफाट छावणी पानिपतास कोंडून पडली. अंतर्वेदीत शत्रूची रसद मारणारे वृद्ध गोविंदपंत डिसेंबरात मारले गेले, आणि संक्रांतीच्या सुमारास उपाशी फौज लढून मोकळे व्हावे म्हणून खंदकाबाहेर पडली. ज्या गोविंदपंतांनी रसद मारण्याच्या कामी प्राण वेचला, त्यांस नुसते हरामखोर ठरवून खटल्याचा निकाल लागत नाही.

मग इतिहासकाराने सेनापतीचा नाद सोडावा काय? तसे म्हणता येत नाही. कारण धान्य आणि पैसा यांची ही कैफियत आपणांस सांगतो कोण, तर स्वतः भाऊच! त्यांच्या पत्रांत पैका पाठवा, गल्ला पाठवा, शत्रूची रसद तोडा, हाच तगादा पुनःपुन्हा येतो. बखरीतील ताठर सेनापती येथे दिसेनासा होतो आणि त्याच्या जागी, मामलतदारांचे हिशेब कसून तपासण्यात वर्षे घालविलेला पेशव्यांचा दिवाण, आपल्याच छावणीच्या जमाखर्चात जमेची बाजू शोधीत बसलेला दिसतो. पार्वतीबाईंना भाऊ परत भेटले नाहीत. इतिहासकारांना मात्र ते भेटले, आणि भेटले ते या तगाद्याच्या पत्रांत.