दूरचा सल्ला आणि घरातला एकांत

दहावीतला मुलगा ताट पुढे सारून उठतो, वडील आवाज चढवतात, आई दोघांच्या मध्ये उभी राहते आणि आतल्या खोलीत आजी निमूटपणे जपमाळ ओढीत राहते. हा प्रसंग महाराष्ट्रातील कोणत्याही मध्यमवर्गीय घराला अपरिचित नाही. पूर्वी अशा वेळी मामा येई, शाळेतले जुने गुरुजी मुलाला बाजूला घेऊन बसत, किंवा चाळीतील एखादी वडीलधारी बाई दोन्ही बाजू ऐकून घेई. त्या सल्ल्यात शहाणपण होते तसा जाचही होता; आणि घरातली गोष्ट सायंकाळपर्यंत साऱ्या मजल्याला ठाऊक होत असे, हेही विसरून चालणार नाही. आता मामा परगावी गेला आणि चाळीच्या जागी बंद दारांची इमारत उभी राहिली. सल्ल्याची गरज मात्र कमी झाली नाही. ही पोकळी भरून काढण्यासाठी ऑनलाइन समुपदेशन पुढे आले आहे.

घरातले दुःख अपरिचिताला सांगण्याची कल्पना मराठी माणसाला सर्वस्वी नवी नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात चालविलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाकडे वाचक आपल्या अत्यंत खाजगी अडचणी पत्राने पाठवीत आणि त्यांना स्पष्ट उत्तरे मिळत. जे वडिलांसमोर उच्चारणे शक्य नव्हते ते टपालाने विचारता येत होते. पुढे साधने बदलली. टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ मध्ये ‘आयकॉल’ ही सेवा सुरू करून दूरध्वनी आणि ईमेल यांद्वारे समुपदेशन उपलब्ध केले. मार्च २०२० मध्ये, टाळेबंदीच्या तोंडावर, केंद्र सरकारने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलि-मानस’ सेवा सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत ती विनामूल्य मिळते.

या सोयीचे मोल कमी लेखता येणार नाही. तालुक्याच्या गावी मानसशास्त्रज्ञ सहसा नसतो; असला तरी त्याच्या दारात उभे राहिलेले कोणी पाहील, या भीतीने माणसे मागे फिरतात. अशा आईला आपली अडचण आता घरबसल्या मांडता येते. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी दांपत्याला मुलांशी उडणारे खटके आपल्याच भाषेत बोलून दाखविता येतात. रागाचे आणि रडण्याचे शब्द परक्या भाषेत सहसा सापडत नाहीत.

तथापि, खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. समुपदेशनाची पहिली अट यंत्र नव्हे, एकांत ही आहे. दवाखान्यात गेलेल्या माणसाच्या मागे दार लावले जाते. हे दार भिंतीतले असते तसे व्यवहारातलेही असते. ऑनलाइन समुपदेशनात ते दार सल्ला मागणाऱ्यानेच शोधावयाचे असते. दोन खोल्यांच्या घरात सुनेने सासूविषयी कोठे बसून बोलावे? मुलाने वडिलांच्या माराविषयी कोणत्या कोपऱ्यात सांगावे? गच्ची, जिना, रस्त्यावरचा बसथांबा हीच अनेकांची समुपदेशनाची खोली होते. तेथेही पाऊल वाजले की संभाषण तुटते आणि ‘मैत्रिणीचा फोन होता’ असे सांगावे लागते.

शिवाय यंत्र तरी कोणाच्या हाती आहे? २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रियांचे देशातील प्रमाण सुमारे ५४ टक्के होते. म्हणजे जवळजवळ निम्म्या स्त्रियांना पतीचा, मुलाचा किंवा दिराचा फोन मागून घ्यावा लागत होता. ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याच्याच फोनवरून ती कशी करावयाची? सर्वांत अधिक गरज असलेल्यालाच ही सेवा सर्वांत दुर्लभ ठरावी, हा यातील विपर्यास आहे.

दुसरी मर्यादा कौटुंबिक प्रश्नाच्या स्वरूपातच आहे. कलह एकाचा नसतो; फोनवर मात्र बहुधा एकच बाजू येते. मुंबईत १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिसांच्या सहकार्याने स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी विशेष कक्ष सुरू केला. कुटुंब न्यायालयांचा कायदाही त्याच वर्षीचा. समुपदेशकांची तरतूद असलेल्या या कायद्याने तडजोडीचा प्रयत्न करणे न्यायालयाचे कर्तव्य ठरविले. दोन्ही ठिकाणी गृहीत धरलेली गोष्ट एकच : ऐकणाऱ्याला दुसऱ्या पक्षाला समोर बोलावता आले पाहिजे आणि गरज पडल्यास कायद्याचे बळ त्याच्या पाठीशी असले पाहिजे. पडद्यावरच्या समुपदेशकाला ऐकता येते, धीर देता येतो, मार्ग सुचविता येतो. पण मध्यरात्री घराबाहेर काढलेल्या स्त्रीसाठी त्याला दार उघडता येत नाही. ज्याच्यापाशी अशा दारांचे पत्ते तयार आहेत, त्याचाच सल्ला उपयोगाचा.

ऐकणारा कोण आहे, हे तिसरे कोडे. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांची नोंदणी १९९२ च्या पुनर्वसन परिषद कायद्याखाली होते. समुपदेशकांसह इतर अनेक व्यावसायिकांसाठी २०२१ चा कायदा झाला. परंतु मोबाइलच्या पडद्यावरील जाहिरातीत शिकलेला आणि न शिकलेला यांचे चेहरे सारखेच दिसतात. त्यात आता प्रश्नाला क्षणात उत्तर टंकणारी यंत्रेही आली आहेत. ती दमत नाहीत, रागावत नाहीत. परंतु दिलेल्या सल्ल्याचा जाब त्यांना विचारता येत नाही. याउलट, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळताच ते पोलिसांना कळविण्याचे बंधन २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्याने माणसावर घातले आहे. असे उत्तरदायित्व हाच व्यावसायिक सल्ल्याचा कणा होय.

मग करावयाचे काय? उपाय फार खर्चाचा नाही. शासनाने क्रमांक दिला. आता जागा द्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात, सार्वजनिक ग्रंथालयात, शाळेत एक लहान खोली, आतून लावता येईल असे दार, एक फोन आणि आठवड्यातील ठरावीक तास एवढीच ही व्यवस्था. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने पात्र समुपदेशक नेमावयाचा आहे आणि त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी संबंध जोडावयाचा आहे. जिल्हा परिषदेच्या लहान शाळांना हा संबंध ऑनलाइन जोडता येईल. ग्रंथालयात पुस्तक बदलावयास आणि शाळेत मुलाची चौकशी करावयास गेलेल्या बाईला कोणी ‘कोठे गेली होतीस?’ असे दरडावून विचारीत नाही. सल्ला घेण्याची जागा अशीच, रोजच्या वाटेवरची, हवी.

शिक्षकांचाही यात वाटा आहे. मूल गप्प झाल्याचे पुष्कळदा प्रथम त्यांनाच जाणवते. त्यांनी समुपदेशक व्हावे अशी अपेक्षा नाही. क्रमांक फळ्यावर लिहावा, खोलीची किल्ली द्यावी आणि बाहेर थांबावे, एवढे पुरे. आणि घरातील कर्त्या माणसांनीही ध्यानात घ्यावे की, पत्नी किंवा मुलगा बाहेरच्या कोणाशी बोलतो हा घराचा अपमान नव्हे. घर मोडू नये असे वाटते म्हणूनच माणूस सल्ला मागतो. ज्याला घर नकोसे झाले आहे तो सल्ला मागत नाही, निघून जातो. तेव्हा दार लोटून कोणी हलक्या आवाजात बोलत असेल, तर ते दार थोडा वेळ तसेच राहू द्यावे.