भिंतीत मुरणारी ऊब

विमानाच्या पंखावरून हवा घासून जाते आणि जाता जाता त्याला मागे ओढते. ही ओढ मोजणारं साधन दिसायला अगदी किरकोळ. क्वार्ट्झची बारीकशी खुंटी, तिच्या टोकावर निकेलचा किंवा प्लॅटिनमचा मिलिमीटरभर पापुद्रा. खुंटी भोकात बसवून टोक पृष्ठभागाशी अगदी सपाट करावं लागतं. जरा वर राहिलं की हवा तिथेच ठेचकाळते.

या पापुद्र्याला म्हणतात हॉट फिल्म. वीज खेळवून तो हवेपेक्षा गरम ठेवतात. हवा त्याची ऊब पळवते, आणि व्हीटस्टन ब्रिजचं सर्किट जादा वीज सोडून तापमान होतं तिथे आणतं. किती वीज लागली, त्यावरून घर्षणाचा अंदाज. फेज आणि फॉकनर यांनी १९३१ मध्ये, लीपमन आणि स्किनर यांनी १९५४ मध्ये हीच वाट चोखाळली.

वाट मात्र निसरडी. हवेत जाणारी उष्णता घर्षणाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. घर्षण आठपट झालं तरी उष्णता जेमतेम दुप्पट! त्यामुळे उष्णतेच्या मापात एक टक्का चूक झाली, तर उत्तरात ती तीन टक्के होते.

खरा चोर खाली बसलेला असतो: पापुद्र्याखालची बैठक, म्हणजे ती खुंटीच. साधी काचसुद्धा हवेपेक्षा सुमारे चाळीसपट उष्णतावाहक. पापुद्र्याची बरीचशी ऊब आधी बैठकीत मुरते, तिथे पसरते आणि मग आजूबाजूच्या हवेत निसटते. वारा संथपणे बदलला तर बैठकही त्याच्याबरोबर तापते-निवते. झपाट्याने बदलला तर तिला पत्ताच लागत नाही. म्हणजे स्थिर वाऱ्यात केलेलं कॅलिब्रेशन खवळलेल्या वाऱ्यात दगा देतं.

१९८८ मध्ये आल्फ्रेडसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की खवळलेल्या प्रवाहात भिंतीवरच्या, म्हणजे पृष्ठभागावरच्या, घर्षणाचे चढउतार सरासरीच्या सुमारे ४० टक्के असतात. हवेतल्या हॉट फिल्म त्याहून बरेच कमी सांगत. पाण्यात तीच फिल्म बरी वागते, कारण पाणी हवेच्या वीसपटींहून अधिक उष्णतावाहक आहे.

उपाय झाले. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात सिलिकॉनच्या चिपवर पापुद्र्याखाली निर्वात पोकळी कोरण्यात आली. गळती घटली, थांबली नाही. शिवाय प्रवाह उलटा फिरला तरी फिल्मला दिशा कळत नाही ती नाहीच.

प्रवाह नेमका कुठे खवळतो हे हेरायला मात्र ही फिल्म फार चपळ. पण हवेत मोजलेल्या चढउतारांचे आकडे कुणी पुढे केले, तर आधी विचारावं: पापुद्र्याखाली काय होतं?