बहात्तराव्या हिश्श्याचं विमान

८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली. उलवे, बेलापूर, खारघरच्या मुलांना गच्चीत उभं राहून ‘हे कोणतं विमान?’ असं विचारायला आता रोजचं निमित्त आहे. त्यातल्या एखाद्याच्या वाढदिवसाला कुणीतरी प्लॅस्टिकचं विमान-किट आणतं. चार दिवस जोडकाम उत्साहात चालतं. मग पंखाच्या सांध्यावर गोंदाचे ओघळ दिसू लागतात, रंग पांढुरका पडतो आणि खोकं माळ्यावर जातं. घरचे म्हणतात, ‘याच्याकडे चिकाटीच नाही.’ मला हे पटत नाही. चिकाटी बहुतेकांकडे असते. माहिती मात्र ऐकीव असते, आणि त्यातली बरीचशी चुकीची.

‘हे तर मुलांचं खेळणं’

खेळण्यातलं विमान विमानासारखं दिसलं की पुरतं. स्केल मॉडेलमध्ये प्रत्येक माप खऱ्या विमानाच्या मापाला एकाच संख्येने भागून काढलेलं असतं. १:७२ हे प्रमाण १९३६ मध्ये ब्रिटनमधल्या फ्रॉग कंपनीच्या ‘पेंग्विन’ किटांनी रूढ केलं. त्यामागचा हिशेब फुटा-इंचांचा होता: मॉडेलचा एक इंच म्हणजे विमानाचे सहा फूट. दुसऱ्या महायुद्धात हेच प्रमाण थेट लढाईच्या कामी आलं. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून लाकडाची पाच लाख मॉडेलं करून घ्यायची मोहीम काढली. आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं, हे सैनिकांनी नुसत्या आकारावरून ओळखावं म्हणून ती हवी होती. १:७२ चं मॉडेल ३५ फुटांवर धरलं, तर ते पाऊण किलोमीटरवरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं. ज्या वस्तूवर माणसांचे जीव अवलंबून होते, तिला खेळणं म्हणणं मला जड जातं.

‘भाग जितके जास्त, तितकं किट अवघड’

खोक्यावर तीनशे भाग लिहिलेले पाहून नवखा माणूस बिचकतो आणि साठ भागांचं किट उचलतो. पुष्कळदा तिथेच फसतो. टामियासारखी जपानी कंपनी पोलादी साच्यांवर भरपूर खर्च करते. तिच्या किटचे भाग शेकड्यांनी असले तरी प्रत्येकाला खुंटी आणि खाच असते आणि भाग आपल्या जागी नेमका बसतो. याउलट ज्या विमानाला गिऱ्हाईक थोडं, त्याची किटं लहान कंपन्या मऊ, स्वस्त साच्यांतून काढतात. त्यांना ‘शॉर्ट-रन’ म्हणतात. भाग कमी असतात, पण खुंट्या नसतात, कडा जाड असतात, सांध्यात फटी राहतात आणि पंख कोणत्या कोनात लावायचा हे आपणच मोजून ठरवायचं असतं. म्हणून प्रत्येक भाग गोंद लावण्याआधी कोरडाच जुळवून बघायचा, घासायचा, पुन्हा जुळवायचा. खरी कसोटी या किटांत लागते.

आपल्याकडच्या माणसाला ही गोष्ट विशेष जाणवते, कारण भारतीय विमानं करायला घेतली की वाट हटकून शॉर्ट-रनकडे वळते. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर ज्या नॅट विमानातून लढले, ते एकआसनी लढाऊ विमान होतं. दुकानात सहज मिळतं ते एअरफिक्सचं नॅट मात्र ‘टी-१’, म्हणजे ब्रिटिश दोनआसनी प्रशिक्षण विमान. आपल्या हवाई दलाने ते कधी वापरलंच नाही. मागची खुर्ची काढून टाकली की काम भागेल असं वाटतं, पण टी-१ चं धड लांब आहे आणि पंख नि शेपूट दोन्ही मोठे आहेत. त्यावर आपली वर्तुळं चिकटवली तरी ते सेखोंचं विमान होत नाही. त्यासाठी स्पेशल हॉबीसारख्या चेक कंपनीचं शॉर्ट-रन किटच घ्यावं लागतं. १:७२ मध्ये त्याच्या पंखांची रुंदी या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेनऊ सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. एवढ्याशा जागेत अर्ध्या मिलिमीटरची फटही डोळ्यांत खुपते.

मारुतची तऱ्हा याहून वाईट. एचएफ-२४ मारुत हे भारतात घडलेलं पहिलं लढाऊ जेट १७ जून १९६१ ला पहिल्यांदा उडालं. त्याचा आराखडा कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याने केला होता. टँकचं महायुद्धातलं फोके-वुल्फ १९० टामिया, हासेगावा, एअरफिक्स अशा सगळ्यांनी काढलं. मारुत यांच्यापैकी एकानेही काढलं नाही. खरं मारुत आपल्याला लांबही नाही: एक वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात आहे, दुसरं पुण्यात कमला नेहरू उद्यानात. ज्याला मारुत करायचं आहे त्याने किट मागवण्याआधी एक रविवार वरळीला घालवावा. हवा आत घेणारी तोंडं धडाला कुठे मिळतात, चाकांच्या झडपा कशा उघडतात, शेपटाकडे दोन इंजिनांमध्ये धड कसं निमुळतं होतं, याचे फोटो काढावेत. सूचनापत्रिकेत एवढं कधीच नसतं.

‘खोक्यावरचं चित्र आणि संग्रहालयातला रंग म्हणजे पुरावा’

संग्रहालयातून आकार घ्यावा, रंग घेऊ नये. उघड्यावर ठेवलेल्या विमानांना ऊन-पाऊस सोसावा लागतो आणि ती वेळोवेळी पुन्हा रंगवली जातात, तीही हाताशी असेल त्या रंगाने. वास्कोजवळ बोगमाळो रस्त्यावर नौदलाचं हवाई संग्रहालय १९९८ पासून आहे. विक्रांतवरून उडालेल्या सी हॉक आणि अलिझे या जातींची विमानं तिथे हाताच्या अंतरावर बघता येतात. आकारासाठी त्या आवारासारखी दुसरी शाळा नाही. रंगासाठी मात्र ज्या काळातलं विमान करायचं, त्या काळातला फोटोच हवा.

काळ बदलला की तपशील बदलतात. सी हॅरिअरचं किट ब्रिटिश असलं तर त्यात साइडवाइंडर क्षेपणास्त्रं येतात. आपल्या नौदलाची सी हॅरिअर विमानं १९८३ मध्ये आली आणि २०१६ मध्ये निवृत्त झाली, ती फ्रेंच मॅजिक क्षेपणास्त्रं वाहत. मिग-२१ मध्ये तर प्रकारांचं जंगलच आहे. नाशिकजवळ ओझरच्या एचएएल कारखान्यात आधी ‘एफएल’ बनलं, मग ‘एम’ आणि नंतर ‘बिस’. एफएलच्या धडात तोफ नाही; १९७१ मध्ये ती पोटाखालच्या पेटीत टांगली जाई. बिसची तोफ अंगातच आहे आणि पाठ जास्त फुगीर आहे. नाकावरची वेगमापनाची लांब नळी एफएलवर बरोबर मध्यावर आहे, बिसवर ती उजवीकडे सरकलेली आहे. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ने निरोप घेतल्यावर पुष्कळांना आठवण म्हणून ते करावंसं वाटलं असेल. त्यांनी आधी ही नळी बघावी. किट कोणत्या प्रकाराचं आहे, ते तिथेच कळतं.

‘फेव्हिक्विक असलं की झालं’

मॉडेलचा गोंद खरं तर चिकटवत नाही, विरघळवतो. किटचं प्लॅस्टिक पॉलिस्टायरिन असतं. पातळ सिमेंटचा थेंब सांध्याच्या रेषेला टेकवला की तो आपोआप फटीत ओढला जातो, दोन्ही कडा मऊ होतात आणि एकमेकींत मिसळतात. रासायनिक वेल्डिंगच म्हणायचं. धडाचे दोन अर्धे हलके दाबले की सांध्यातून प्लॅस्टिकची बारीक कणी वर येते. ती पुसायची नाही. एक दिवस वाळू द्यायची आणि मग चारशे, सहाशे, हजार नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून घासायची. सांधा निघून जातो, पुटी लागलीच तर नावाला.

फेव्हिक्विकच्या जातीचा गोंद धातूच्या आणि रेझिनच्या भागांना हवाच. पण तो हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, त्यामुळे वाशी-नेरुळच्या जुलैमध्ये भाग सरळ करायला उसंत मिळत नाही. त्याची वाफ पारदर्शक कॉकपिटवर बसली की काचेवर पांढरा धुरकटपणा येतो. काचेसाठी साधा पांढरा फेव्हिकॉल बरा. वाळला की दिसत नाही आणि चुकलं तर पाण्याने पुसता येतो.

‘एअरब्रश घेतला की फिनिश आपोआप येतं’

इथे नवी मुंबईची हवा मध्ये येते. खाडीकाठचं शहर, आणि जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओलसर. लॅकरचा थिनर झपाट्याने उडतो आणि उडताना पृष्ठभाग गार करतो. हवा दमट असेल तर त्या गारव्यावर बाष्प धरतं आणि ओल्या रंगात अडकतं. निळसर करड्यावर पांढुरकी साय आल्यासारखं दिसतं ते यामुळे. रंगाच्या बाटलीचा त्यात दोष नाही. कॉम्प्रेसरचंही तेच. दाबलेली हवा नळीत गार झाली की पाणी सुटतं आणि नेमकं पंखावर थेंब उडवतं. म्हणून पाणी अडवणारा फिल्टर नळीवर हवाच आणि पावसाळ्यात तो कामाच्या मध्येही रिकामा करावा लागतो. पाण्यावरचे अॅक्रिलिक रंग दमट हवेत पांढुरके पडत नाहीत, पण वाळायला रेंगाळतात.

पावसाळ्यात छंद बंद ठेवावा, असं काहीजण सांगतात. माझं मत उलट आहे. जोडणी, घासणी, पुटी, कॉकपिटचं बारीक काम यासाठी पावसाळ्यासारखा मोसम नाही. फवारणी उघडिपीच्या दुपारी किंवा एसी तासभर चालवून कोरड्या केलेल्या खोलीत करावी, वाळेपर्यंत मॉडेल झाकणाच्या डब्यात ठेवावं. रंग दुधाइतका पातळ करून तीन-चार विरळ हात द्यावेत. एकाच जाड थरात पृष्ठभागावरचे नाजूक खिळे आणि रेषा बुजून जातात. आणि एअरब्रश नसेल तर नसू दे. रुंद, मऊ ब्रशने पातळ थर देऊन उत्तम काम होतं. मात्र पहिला थर ठिगळासारखा दिसला तरी घाबरून तो वाळायच्या आत त्यावर दुसरा चढवायचा नाही.

‘एन-९५ मास्क आहे ना’

हा गैरसमज सर्वांत घातक आहे. एन-९५ धूळ आणि तुषार अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही. वाफेसाठी सक्रिय कार्बनच्या डब्या लावलेला मास्क लागतो आणि खिडकीबाहेर हवा फेकणारा पंखा लागतो. ‘अॅक्रिलिक आहे, म्हणजे निर्धोक’ हेही खरं नाही. त्यातल्या कित्येक रंगांत अल्कोहोल असतं, आणि फवारलेले रंगकण फुप्फुसात जातातच. वन बीएचकेत लहान मूल झोपलेलं असताना दार लावून फवारणी करू नये. यात तडजोड नको.

‘डिकॅल म्हणजे स्टिकर’

विमानावरच्या खुणा छापलेलं डिकॅल पाण्यात अर्धा मिनिट भिजवून कागदावरून सरकवायचं असतं. त्याखाली हवा अडकली की कडेची पारदर्शक पट्टी चंदेरी चमकते, आणि मॅट रंगाच्या खरखरीत पृष्ठभागावर ती अडकणारच. म्हणून आधी ग्लॉस थर, मग डिकॅल, मग ते मऊ करून रेषांत बसवणारं द्रावण आणि शेवटी मॅट. आपल्या वर्तुळात बाहेर भगवा, मग पांढरा, मध्ये हिरवा. पांढरी छपाई पातळ असली तर खालचा रंग डोकावतो आणि भगवा मळकट होतो. उरलेली डिकॅलं झिप पिशवीत, सिलिका जेलची पुडी घालून ठेवावीत. आपल्या हवेत त्यांवरचा पातळ कागद चिकटून बसतो.

‘जितकं मळवावं तितकं खरं वाटतं’

०.२ मिलिमीटरची रेष १:७२ ला म्हणजे खऱ्या विमानावर १४ मिलिमीटरहून रुंद भेग. अशी भेग असलेलं विमान कुणी उडू देणार नाही. तरी हौसेने प्रत्येक रेषेत काळा रंग भरला जातो आणि विमान चौकटीच्या वहीसारखं दिसू लागतं. करड्या विमानावर थोडा गडद करडा पुरतो. डाग पडतात तिथेच पडावेत: तोफेच्या तोंडाशी, तेलाच्या झडपेखाली, वैमानिक चढतो त्या जागी. जहाजावरच्या विमानांवर खाऱ्या हवेमुळे गंज दिसेल तिथे रंगाचे ताजे ठिपके दिलेले असत, त्यामुळे ती मळकी कमी आणि ठिगळांची जास्त दिसत.

‘नाकात वजन कशाने भरलं तरी चालतं’

मिग-२१ सारखं नाकाखाली चाक असलेलं मॉडेल पूर्ण झाल्यावर शेपटावर बसतं. वजन नाकात घालायचं ते धडाचे अर्धे बंद करण्याआधी. नंतर वाट राहत नाही. बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यासारख्या गावांत जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या मिळतात, त्या या कामाला उत्तम. हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत आणि गोळ्या मुलांच्या हाती देऊ नयेत. त्या फेव्हिकॉलमध्ये मात्र बसवू नयेत. पांढऱ्या गोंदातून अॅसिटिक आम्ल सुटतं, त्याने शिसं हळूहळू पांढऱ्या भुकटीत बदलतं, फुगतं, आणि काही वर्षांनी कपाटात ठेवलेल्या विमानाचं नाक सांध्यात उकलतं. एपॉक्सीत बसवावं, ते पुरतं घट्ट होऊ द्यावं आणि मगच धड बंद करावं.